जिवंत झाडांची अट

पौष: फळबाग अनुदानाचा दुसरा हप्ता गोठवला. जबाबदार, जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी. फाल्गुन: माझ्या अर्जांना पोच मिळाली, उत्तर नाही. जबाबदार, तालुक्याच्या कार्यालयातील लिपिक. ज्येष्ठ: पाहणी झाली. जबाबदार, पाहणीस आलेले पर्यवेक्षक. नव्वदचे दशक सरताना एकाच वर्षात हे घडले. हे तिघेही आज निवृत्त आहेत आणि त्यांचे निवृत्तिवेतन कोणी गोठवलेले नाही.

आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्याच्या वाटेवर, माझ्या बांधाला लागून एका विधवेचे वरकस, हलक्या मातीचे उताराचे रान होते. तिचा नवरा माझा शाळासोबती. म्हणून मी तिला वहिनी म्हणे. शासनाने उतारावर आंब्याची कलमे लावायला सांगितली. पहिला हप्ता लागवडीचा, दुसरा झाडे जगवण्याचा. वहिनीने खड्डे स्वतः खोदले. प्रत्येक कलमाशेजारी मडके पुरले आणि त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातली, म्हणजे पाणी थेट मुळाशी झिरपावे. ती मडकी भरायला पाणी बैलगाडीने यायचे आणि गाडीवानाची मजुरी दुसऱ्या हप्त्यातून द्यायची होती.

हप्ता अडला तेव्हा वहिनीच्या वतीने मी कार्यालयात गेलो. लिपिक म्हणाला, “काका, पैसं वरनंच गोठल्यात. आमी काय हितं बसून बर्फ फोडायचा?” सारी खोली हसली. मी लेखी कारण मागितले. “लिहिण्याची हौस तुमाला हाय, आमाला न्हाई,” तो म्हणाला आणि खोली पुन्हा हसली.

गाडी बंद झाली. वहिनी डोक्यावर हंडे वाहू लागली. चैत्रात ओढा आटला. वैशाखात कलमे शेंड्यापासून वाळत खाली आली.

वाडीतल्या इतरांचीही वाळली होती. पाहणीच्या सकाळी त्यांनी रानातल्या आंब्याच्या हिरव्या डहाळ्या तोडून खड्ड्यांत खोचल्या आणि वर तांब्याभर पाणी ओतले. एक शेजारी वहिनीला सांगायला आला, तेव्हा मी बांधावरच होतो.

“वहिनी, तुमी बी खोचा. सायब काय आत येत न्हाई, गाडीवरनंच मोजतंय.”

“खालनं फुटतंय, भाऊ. डहाळी खोचायची म्हंजी हे उपटावं लागंल.”

ते खरे होते. वरचे कलम मेले होते, पण खालचा गावठी खुंट फुटत होता. नखाएवढी तांबूस पाने होती.

पर्यवेक्षकांनी मोटारसायकलवरूनच डहाळ्या मोजल्या आणि त्या जिवंत ठरवल्या. वहिनीच्या रानात मात्र ते उतरले, कारण तिनेच त्यांना हाताने बोलावले. तिने वाकून फुटवे दाखवले.

“बाई, हे गावठी. मंजूर कलमं होती.”

“पर जित्ती हायेत न्हवं?”

“तुमच्यासाठी असतील.”

शेरा पडला: एकही झाड जिवंत नाही, सबब अनुदान देय नाही. म्हणजे झाडे जगवण्याचा पैसा शासनानेच रोखला आणि झाडे जगली नाहीत म्हणून तो पैसा शासनानेच नाकारला. पावसाळ्यात निधी मोकळा झाला, तेव्हा डहाळ्यांना हप्ता मिळाला. त्या शेजाऱ्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. वरून हिरवे दिसेल तेच जिवंत, हा नियम त्यांनी कार्यालयापेक्षा आधी ओळखला होता, एवढेच.

वहिनी पुढे पहाटेची एसटी धरून नारायणगावला मजुरांच्या बाजारात उभी राहू लागली. गुडघे गेले तेव्हा थांबली. खुंटांची झाडे झाली. फळ आंबट, लोणच्यापुरते. ती वारली तेव्हा सरणासाठी त्यांतलेच एक झाड तोडले. शासनाच्या दप्तरी ते कधीच जिवंत नव्हते.

उरलेली झाडे उभी आहेत. मला पत्राने उत्तर नको. पोचपावत्यांनी माझी पेटी भरली आहे. ज्यांनी हप्ता रोखला आणि ज्यांनी तो शेरा लिहिला, त्यांनी आमच्या ग्रामसभेत यावे, लोकांसमक्ष त्या झाडांखाली उभे राहावे आणि तो शेरा मोठ्याने वाचून दाखवावा.