उपाशी वाकळ

मुरुमजवळच्या आमच्या गावात अकरा बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवतात आणि मी त्या विकते. शहरात वाकळेला गोधडी म्हटलं की भाव जरा बरा येतो. पहिली तीन वर्षं पत्र्याची शेड, दोरा, माझा पगार, सगळं एका संस्थेच्या फंडातून चाललं. मग संस्थेचे साहेब आले, चहा प्यायले, "आता स्वतःच्या पायावर उभं राहा," म्हणाले आणि गाडीत बसून गेले. दरमहा पगार घेणाऱ्यांना हे वाक्य फार आवडतं.

मोठी ऑर्डर मिळाली नाही तर दिवाळीनंतर शेडला कुलूप लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ती ऑर्डर डोंगरात होमस्टे चालवणाऱ्या एका माणसानं दिली. चाळीस वाकळा. पण नमुन्याच्या वाकळेचा कोपरा त्याच्या बोटांना टणक लागला. त्यानं तो उसवला, तर आतून भाकरीचा वाळका तुकडा निघाला. आमच्या बायका शेवटचा कोपरा मिटण्याआधी वाकळेच्या पोटात घासभर भाकरी ठेवतात.

"किडे होतील. हे बंद करा," तो म्हणाला. मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

शिवणाऱ्यांत सगळ्यात वयस्कर मावशी. त्यांनी सुई खाली ठेवली. "ताई, वाकळ उपाशी ठिवू न्हाय. मग ती पांघरणाऱ्याचं खाती."

"वाकळ जेवती व्हय, मावशी?" मी हसले. कुणीच हसलं नाही. बायकांनी वाकळा शिवल्या, पण शेवटचा कोपरा एकीनंही मिटला नाही. चाळीसच्या चाळीस कोपरे मीच मिटले, चिडून, वेडेवाकडे टाके घालत.

वाकळांचे पैसे आले, मजुरी वाटली, आणि कित्येक महिन्यांनी मलाही पगार मिळाला. त्या आठवड्यात मी घरी पुरणपोळ्या केल्या.

महिन्याभरानं भर दुपारी होमस्टेवाल्याचा फोन आला. स्वारी खूश होती. "पाहुण्यांना गोधड्या फार आवडल्यात. एक गंमत मात्र होते बघा. पांघरून झोपलेला माणूस कितीही जेवलेला असो, भुकेनंच जागा होतो. परवा एक बाई नाश्ता करता करता रडायला लागल्या. खातेय खातेय आणि पोटच भरत नाही, म्हणाल्या. आमचं स्वयंपाकघर मात्र जोरात चाललंय!" तो मनापासून हसला. "आणखी शंभर पाठवा. अगदी तशाच."

भाकरीमागचं कारण मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"काय म्हनले?" मावशींनी विचारलं.

"आणखी शंभर पाहिजेत."

"आन् पांघरणारी मानसं बरी हैत नव्हं?"

मी वहीत शंभरचा आकडा लिहिला. पहिली वाकळ तयार झाली तेव्हा मावशींनी ती उघड्या कोपऱ्यासह माझ्यापुढं सरकवली. शेजारी आपला जेवणाचा डबा ठेवला, झाकण काढून. आत अर्धी भाकरी होती.

मी कोपरा दुमडला, सुई टोचली, आणि पोटात गुरगुरल्याचा आवाज आला. बायकांचे हात थांबले. मी पोटावर हात ठेवला. आत्ताच जेवले होते, पोट गप्प होतं. आवाज पुन्हा आला, मांडीवरून, कापडाच्या आतून.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण शेडला कुलूप लागायची भीती त्याहून जुनी होती. मी डब्याकडं न बघता दोरा ओढला आणि गाठ मारली.