चार पडद्यांची वाटणी

आमच्या दुकानाची वाटणी आधी कॉम्प्युटरमध्ये झाली. कागदावर व्हायची ती नंतरची गोष्ट.

दुकान देवळीत, यवतमाळ रोडला. बियाणं, खत, फवारणीचं औषध. वडील गेल्यावर ते तीन भावांचं झालं, अशी भावांची समजूत. बिलं मी करायची, माल मी मागवायची, कपाशीवर कोणतं औषध चालेल हेही शेतकरी मलाच विचारायचे. पण माझं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, ते गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यामुळे भाऊ दुकान चालवायचे आणि मी दुकानात नुसती बसायची. चालवणं म्हणजे मोठा गिऱ्हाइकाशी राजकारण बोलायचा, मधला चहा सांगायचा आणि धाकटा बाहेर मोटारसायकल पुसायचा.

दोन हजार पाचच्या आसपास आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. मधल्याचा साळा नागपूरला इंजिनिअर. तो आला, जुनी विंडोज पुसली आणि लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकून गेला. जाताना म्हणाला, "यात एक नाई, चार पडदे हायेत." स्क्रीनच्या खाली उजवीकडे ओळीने चार छोटे चौकोन दिसत होते. ज्यावर टिचकी मारावी तो पडदा समोर यायचा. एका पडद्यावर उघडलेली खिडकी त्याच पडद्यावर राहायची, दुसऱ्यावर गेलं की दिसायची नाही. वेगवेगळी कामं वेगळी ठेवायची सोय. बाकीच्या जगात लोक ती तशीच वापरत असतील. आमच्या घरात मात्र एकासारखे एक तुकडे दिसले की माणसांना एकच गोष्ट सुचते.

"एक दादाचा, एक माहा, एक धाकट्याचा," मधला म्हणाला. उरलेला आईचा. आईने आयुष्यात टीव्हीचा रिमोटही हातात धरला नव्हता, पण आईला वाटा दिला नाही असं उद्या कोणी म्हणू नये. माझं नाव कोणाच्याच तोंडून निघालं नाही. कॉम्प्युटर मीच चालवत होते, तेव्हा बहुतेक खुर्ची-टेबलासोबत मलाही त्यात धरलं असावं.

रीत अशी की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. इथे वाटे पाडलेलेच होते. धाकट्याने सगळ्यात शेवटचा चौकोन उचलला. "कॉर्नरचा हाय," तो म्हणाला. कॉर्नरचा प्लॉट हातचा गेला म्हणून मोठा चांगलाच घुश्शात होता. मी आईच्या पडद्यावर गणपतीचं चित्र लावलं आणि तिथे बिलं करू लागले.

आधीच्या सिस्टीममध्ये उघडलेलं सगळं खालच्या पट्टीवर एका ओळीत दिसायचं. आता त्या पट्टीवर फक्त त्या-त्या पडद्याचं दिसे. मी हे एकदा समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही, मग मीही पुन्हा तोंडाची वाफ दवडली नाही.

"माहा स्टॉक कोनं बंद केला?" मोठा एक दिवस ओरडला.

"बंद नाई झाला, दादा. तू मधल्याच्या पडद्यावर हाय."

चुकून भावाच्या खोलीत शिरल्यासारखा तो खुर्चीसकट मागे सरकला. "मी कायले जाऊ त्याच्या पडद्यावर?"

धाकटा त्याच्या कॉर्नरमध्ये गाणी लावून मोटारसायकलकडे निघून जायचा. मोठ्याच्या पडद्यावर काही दिसायचं नाही, गाणं मात्र वाजत राहायचं. बंद करायचं तर धाकट्याच्या पडद्यावर जावं लागणार, आणि ते तर शक्यच नव्हतं. शेवटी त्याने स्पीकरची वायरच उपटली.

मग अतिक्रमण सुरू झालं. एका चौकोनातली खिडकी माउसने ओढून शेजारच्या चौकोनात टाकता येते, हा शोध मधल्याला लागला. दर नांगरटीला शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, थोडा थोडा कोरायची कला आमच्याकडे लोकांना शिकवावी लागत नाही. मधला स्वतःच्या नको असलेल्या खिडक्या मोठ्याकडे सरकवू लागला.

"तुह्या खिडक्या माह्या पडद्यावर काऊन टाकून राह्यला?"

"आपोआप आल्या असतीन."

"आपोआप ढोरं येतात दुसऱ्याच्या वावरात. तू ढोर हाय का?"

यावर मधल्याने त्याच्याशी बोलणं सोडलं. मला तोवर सगळ्याची मजा वाटत होती. पण पडद्यावरचं भांडण जेवणाच्या ताटापर्यंत आलं आणि एका दुपारी तिघांनी खऱ्या वाटणीचा विषय काढला. दुकान मोठ्याला, गोदाम मधल्याला, वावर धाकट्याला. घर आईचं, आणि आई ज्याच्याकडे जेवेल त्याला पुढे ते मिळायचं.

"इचं काय?" मोठ्याने विचारलं.

"सही घेऊ ना. एक चांगली साडी घेऊन देऊ," मधला म्हणाला.

मी समोरच बसून बिल करत होते. अंगाची लाही लाही झाली. आणि खोटं कशाला सांगू, भीतीही वाटली. दुकान मोठ्याचं झालं की त्याची बायको गल्ल्यावर बसणार आणि मी तिच्या चुलीपुढे. नाहीतर ज्याच्याकडे आई जाईल त्याच्याकडे आईच्या ट्रंकेसोबत मीही जाणार. औषधांची नावं माझ्या डोक्यात आहेत आणि शेतकरी माझ्या भरवशावर येतात, याला कोणी विचारणार नव्हतं.

भाऊ उठून गेल्यावर मी बिलाच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर माउसचं उजवं बटण दाबलं. एक यादी उघडली. ही खिडकी सगळ्या पडद्यांवर ठेवायची का, असा एक पर्याय त्यात होता. ठेवायची, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मोठा स्वतःच्या पडद्यावर गेला तर तिथे माझं बिल. मधल्याच्या पडद्यावर माझं बिल. कॉर्नरमध्येही माझं बिल.

"हे इथं काऊन आलं?" मोठ्याने विचारलं.

"सगळ्यांच्याच पडद्यावर हाय."

"मंग काढ ना."

"नाई काढत."

मधल्याने साळ्याला फोन लावला. साळा म्हणाला, ज्यानं लावली त्यालेच सांगा काढाले. मोठ्याने विषय बदलला. "उद्या वर्ध्याले जाचं हाय. तिथं सही करून देजो."

"कायची सही?"

"हक्क सोडल्याची."

"म्हणजे हक्क हाय मले," मी म्हणाले. "इतकी वर्षं कोणी सांगतलं नाई."

मोठ्याचा चेहरा उतरला. मग दमानं घेत बोलला, "बरं, कोणता पाहिजे तुले? गोदाम पाहिजे का वावर पाहिजे?"

"एकटं कोणतंच नको. दुकानासकट तिन्हींत पाहिजे."

काउंटरवर बोंडअळीच्या औषधासाठी एक शेतकरी ताटकळत उभा होता. तो म्हणाला, "ताई, तुमचं होऊ द्या निवांत, पण माहं बिल करून द्या पयले." मी करून दिलं.

वर्ध्याला कोणी गेलं नाही. माझ्या सहीवाचून वाटणी अडली ती अडलीच. दुकान आजही एकच आहे आणि भाऊ अजूनही एकमेकांशी धड बोलत नाहीत. दर भाऊबीजेला तिघं तीन साड्या आणतात आणि ओवाळून झालं की सही कधी करतेस म्हणून विचारतात. साड्या चांगल्या असतात. मी त्या नेसून गल्ल्यावर बसते.