बिबड्यांचा परवाना

त्या दिवशी ऊन असं कडक होतं, की खाटांवर पसरलेले बिबडे दुपारीच कडकड वाजायला लागले. शाळेत न गेलेल्या माणसाकडे किस्से फार साठतात. कागदावर काही उतरत नाही, सगळं डोक्यातच! या ज्वारीच्या पापडांचेच माझ्याकडे कितीतरी आहेत.

ते दिवस जिल्हाबंदीचे. अमळनेरची ज्वारी धुळ्याला न्यायची नाही, मध्ये जिल्ह्याची हद्द. आणि आमचं गिऱ्हाईक सगळं धुळ्यात! बायको यमुना बिबडे करायची, मी टोपल्या घेऊन एसटीने जायचो. आमची चूल त्यावरच पेटायची.

हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर साहेबांनी पहिल्यांदा अडवलं.

"बिबडे कशाचे?"

"ज्वारीचे."

"मग ही ज्वारीच झाली!"

मी हळूच विचारलं, "साहेब, न्याहारीला काय खाल्लं?"

"भाकरी."

"मग जपून. हद्द ओलांडली तर तुम्हालाही धरतील!"

साहेबांजवळचा हवालदार एवढा हसला, की त्या दिवशी सुटलो.

मग परवाना मागायला जळगावला गेलो. क्लार्कने यादीवर बोट फिरवलं. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ. "बिबडे यादीत नाहीत. परवाना देता येत नाही."

"यादीत नाहीत, म्हणजे बंदीही नाही ना?"

"बंदी आहे. तुमच्याकडे परवाना कुठाय?"

एकदा तपासणीचे साहेब घरीच आले. विनापरवाना कारखाना चालतो, असं कुणीतरी कळवलं होतं. कुणी, ते आम्ही विचारलं नाही. शेजारचे नाना मात्र आमची खाट वीतभर त्यांच्या दाराकडे सरकली तरी भांडायचे, एवढंच सांगतो.

"कारखाना कुठाय?"

यमुनाने खाटा दाखवल्या.

"मशीन?"

तिने वर बोट केलं. साहेबांनी वर पाहिलं आणि डोळे चोळत बसले.

"याचं लायसन दाखवा!"

"त्याच्याकडेच मागा," यमुना म्हणाली, "रोज सकाळी येतो!"

त्या कडक उन्हाच्या दिवशी मात्र दोन्ही टोपल्या नाक्यावर जप्त झाल्या. साहेब म्हणाले, "पुन्हा इथे दिसलास तर आत टाकीन!"

"दिसेन साहेब. धुळ्याचा रस्ता हाच आहे."

दिवेलागणीला रिकाम्या हातांनी घरी आलो. यमुनाने हातांकडे पाहिलं. ज्वारी भिजत घालायला बसली. नेहमी दोन पायल्या घालायची, आज चार घातल्या.

"अगं, एवढ्या खाटा टाकायच्या कुठे?"

कुंपणापलीकडे नाना माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत उभे होते. जरा खाकरले आणि आपल्या सगळ्या अंगणावरून हात फिरवत म्हणाले,

"भाऊ, मन्हा अंगणमा टाका. बठ्ठं अंगण तुमनंच शे!"