वाघाच्या कातड्यावरची तीन भोकं

इतकी वर्षं उलटली, तरी त्या सकाळी ओढ्याकाठी पाहिलेलं दृश्य मी विसरलेलो नाही. एका बाजूला पट्टेरी वाघ मरून पडला होता. त्याच्यामागे साठ-सत्तर पावलांवर घोंगडीखाली एका माणसाचं प्रेत होतं. आणि मध्ये एका दगडावर रायफल आडवी ठेवून एक म्हातारा बसला होता. मला पाहताच तो उठून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, बार मी काढला. मानूस मेला. माझं नाव लिवा."

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चाकण भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहू लागल्या होत्या, पण आमच्या बाजूला सगळं रान आणि शेतीच होती. त्या हिवाळ्यात भीमाशंकराच्या जंगलातून एक वाघ खाली उतरला आणि त्याने गुरं मारायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी अर्ज केले, वरून वाघ मारण्याची परवानगी आली आणि दोन बंदुकवाल्यांनी हाका घालायचं, म्हणजे माणसांकरवी रान उठवून वाघ बंदुकीपुढे आणायचं ठरवलं.

पहिला होता बांधकामाला दगड आणि वाळू पुरवणारा एक कंत्राटदार. चिंचवडला बंगला, दाराशी मोटार, शिकारीचा भारी शौक. नावं मी कुणाचीच घेणार नाही, त्यांची मुलंबाळं आहेत. दुसरा तो म्हातारा, पलटणीतून सुभेदार होऊन गावी परतलेला. त्याची स्वतःची बंदूक जुनी होती, म्हणून कंत्राटदाराने आपल्याकडच्या दोन रायफलींपैकी एक त्याला वापरायला दिली होती. दोन्ही एकाच बोअरच्या. एकीचं काडतूस दुसरीत चालावं अशा.

हाकारे डबे वाजवत वाघामागून आले. ओढ्याच्या एका काठावर सुभेदार, दुसऱ्यावर कंत्राटदार. वाघ समोर येताच दोन बार जवळजवळ एकदमच झाले. वाघ कोसळला, आणि मागच्या करवंदीत एक हाकारा ओरडून खाली बसला तो उठलाच नाही. तिशीचा शेतकरी होता. घरी बायको आणि दोन मुली.

कंत्राटदाराचा जबाब सरळ होता. "वाघ माझ्या गोळीने पडला. सुभेदाराचा नेम चुकला. वय झालंय हो, फौजदारसाहेब. हात कापतात."

सुभेदार मुकाट्याने ऐकत होता.

आरोपी कबूल, साक्षीदार प्रतिष्ठित, मयत समोर. सोपी केस. पण पंचनामा करताना मी एक गोष्ट केली, तिचा मला आजही अभिमान वाटतो. दोघांकडची शिल्लक काडतुसं नुसती मोजली नाहीत, प्रत्येकाचं टोक कसं आहे तेही लिहून घेतलं. सुभेदाराजवळ चार आणि कंत्राटदाराजवळ पाच, सगळ्यांच्या टोकाला उघडं शिसं. कंत्राटदाराने हसत विचारलं, "एवढं कशाला लिहिता?" मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. जे दिसतं ते लिहायचं, एवढंच मला शिकवलं होतं.

एक चूक मात्र झाली. कंत्राटदाराने मेलेला वाघ मोटारीत घालून बंगल्यावर नेला आणि मी तो नेऊ दिला. वाघाच्या अंगावरच्या जखमांचा पंचनामा करायला हवा होता. तो राहिला.

दोन दिवसांनी शवविच्छेदनातली गोळी आली. कण्याजवळ अडकलेली, पण अख्खी. नुसतं तांबूस कवच, कुठे चेपलेलीसुद्धा नाही. सुभेदार जामीन नको म्हणून ठाण्यातच बसून होता. मी ती गोळी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती बराच वेळ निरखली.

"ही सॉलिड हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"साहेब, काडतुसात गोळी दोन जातीची. एकीच्या नाकाला शिसं उघडं असतं. ती सॉफ्ट. अंगात शिरली की फुलती, आतच ऱ्हाती आन् जनावर जाग्यावर बसतं. वाघाला तीच पायजे, वाघाची चामडी पातळ. दुसरी सॉलिड, समदी कवचानं झाकल्याली. ती गव्याला, हत्तीला. जाड हाड फोडून खोल जाया लागती म्हनून. वाघाला मारली तर आरपार जाती, आन् मागं जे आसंल त्याला घेती."

"तुम्ही कोणती घातली होती?"

"सॉफ्ट. नवं पाकीट माझ्यापुढंच फोडलं. त्यातली पाच मी एकेक पुसून घेतली."

"मग ही गोळी तुमची कशी?"

त्याने गोळी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "सॉफ्ट गोळी चुकून एखादवेळेस फुलत न्हाई. पर ही तशी बी वाटत न्हाई. पर साहेब, बार मी काढलाय. स्वतःला वाचवायला मी गोळीची जात सांगतोय, असं त्या बाईला वाटंल. ते मला नको."

त्या बाईला म्हणजे मयताच्या बायकोला. ती एकदाच ठाण्यात येऊन जबाब देऊन गेली होती. सुभेदार तिच्या नवऱ्याला लहानपणापासून ओळखत होता, हाक्याला चल म्हणून त्यानेच बोलावलं होतं. त्या ओझ्याखाली माणूस खरं-खोटंही तपासत नव्हता.

माझ्या मनात शंका होती, पण पुरावा नव्हता. तो आपल्या पायाने चालत आला. आठवड्याच्या बाजारादिवशी कातडी कमावणारा एक कारागीर ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत यायला बिचकत होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं.

"साहेब, बाजारात समदी म्हनत्यात सुभेदारांची गोळी वाघाला लागलीच न्हाई," तो म्हणाला. "वाघ मी सोलला. कातड्याला तीन भोकं हायती."

"तीन?"

"एका अंगाला एक भोक, त्याच्या समोर दुसऱ्या अंगाला एक. आरपार. आन् खांद्यावर येक निराळं, त्याला बाहेर निघायची वाट न्हाई. मालक म्हनले, आरपार गेल्यालं असं शिव की कुनाला दिसू नये."

त्याने धोतराच्या सोग्यातून चिंधी काढून सोडली. आत शिशाचा एक गोळा होता, पाकळ्या उलगडाव्यात तसा पसरलेला. "ही खांद्यात घावली. मालकांनी इचारलं न्हाई, मी बी दिली न्हाई."

मी पंच बोलावून गोळा सीलबंद केला, त्याचा जबाब घेतला आणि कातडं जप्त करून आणलं. त्यावरची बारीक शिवण पंचांसमोर उसवली. तीन भोकं. म्हणजे वाघाला दोन गोळ्या लागल्या होत्या. एक आत राहिली, दुसरी निघून गेली. कुणाचाच नेम चुकला नव्हता.

त्यानंतर पुण्यातल्या काडतुसाच्या दुकानाचं रजिस्टर पाहिलं. कंत्राटदाराच्या परवान्यावर दहा सॉफ्टचं एक पाकीट आणि दहा सॉलिडचं एक. सॉलिड त्याने दक्षिणेत गव्याच्या शिकारीसाठी घेतली होती.

मग मी त्याला बोलावलं. चहा मागवला आणि शिकारीची हकीकत विचारली. माझा अनुभव असा की, फुशारक्या मारणाऱ्या माणसाला दम देऊन उपयोग नसतो. त्याला बोलू द्यावं. तो रंगून सांगू लागला. मी शिशाचा गोळा टेबलावर ठेवला.

"वाघाच्या अंगात ही सापडली. तुमची का?"

"अर्थात. मी म्हणालोच होतो."

"सॉफ्ट?"

"वाघाला सॉफ्टच मारतात, साहेब. एवढं कळतं आम्हाला."

हा जबाब लिहून त्यावर मी त्याची सही घेतली. मग पंचनामा पुढे सरकवला.

"पाकिटात दहा सॉफ्ट. पाच तुम्ही सुभेदाराला दिलीत. उरली पाच. त्या दिवशी तुमच्याजवळ पाचच्या पाच न झाडलेली सापडली, खाली तुमची सही आहे. मग तुम्ही झाडलीत ती कुठली?"

तो कागदाकडे पाहत राहिला. त्याने चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"सुभेदाराजवळ चार उरली," मी म्हणालो. "त्याने एक झाडली. ती ही. वाघाच्या खांद्यातली."

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "रायफलीत एक जुनी सॉलिड भरलेलीच होती. बदलायचा कंटाळा केला. तिच्या मागे सॉफ्ट भरली."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

त्याने पंचनाम्याचा कागद परत माझ्याकडे सरकवला. पण दोन हाकाऱ्यांनी ऐकलं होतं. सकाळी निघताना सुभेदार त्याला म्हणाला होता, "साहेब, सॉलिड काढा. मागं मानसं हायती." तो हसला होता. आपला इशारा पाळला गेला असेल, असं सुभेदार धरून चालला होता, आणि गोळी पाहिल्यावरही दुसऱ्याकडे बोट दाखवणं त्याला नको होतं.

पुढे तज्ज्ञांनी मयताच्या अंगातली गोळी कंत्राटदाराच्या हातातल्या रायफलीतून सुटल्याचं कळवलं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं आणि पुरावा नाहीसा करणं, दोन्ही कलमं टिकली. त्याला शिक्षा झाली. मोठ्या माणसांचे निरोप मलाही आले होते. मी ते ऐकले आणि दोषारोपपत्र पाठवलं.

निकालानंतर मयताची बायको ठाण्यात आली. पदर सावरून माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सुभेदारांची गोळी माझ्या मालकाला लागली न्हाई, हे खरं हाय का?"

"खरं आहे, ताई. त्यांची गोळी वाघातच राहिली. तसा निकाल झालाय."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तर त्यांना तुमीच सांगा. आमच्या घरावरनं जायाचं त्यांनी सोडलंय, लांबच्या वाटंनं जात्यात. म्हनावं, सरळ या. पोरी इचारत्यात."

हा निरोप द्यायला मी हवालदाराला पाठवलं नाही. सायकल काढली आणि स्वतः गेलो. सुभेदार ज्वारीच्या रानात होता. मी सांगितलं तेव्हा त्याने पागोटं काढून हातात धरलं. मग बांधावर बसला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

नोकरीत मी बढत्या घेतल्या, शाबासक्या मिळवल्या. पण माझं सर्वांत चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी ही केस सांगतो, आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. गुन्हेगार पकडणं हे आमचं कामच असतं. इथे मी एका भल्या माणसाला त्याच्याच कबुलीतून सोडवलं. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी एकच गोष्ट बजावत आलो: माणूस खोटं बोलतो ते भीतीने किंवा लोभाने, हे तुम्हाला माहीत असतं. पण भला माणूस दुःखानेही खोटं कबूल करतो, आणि ते खोटं आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. म्हणून कबुली मिळाली की ती नीट लिहून घ्या, फाईलला लावा, आणि मग तपासाला सुरुवात करा.