याकोबतात्याचा सत्तावीस नंबर

चर्चमधलं हसू कुणी लिहून ठेवत न्हाई. उपदेश तेवढे छापतात, हसू सतरंजीवरच राहतं. ते सगळं माझ्याकडं साठलंय. दुसरीत शाळा सुटली, तेव्हा चुका काढू नका.

पंचावन्न-साठ सालाकडची गोष्ट. मुळशीत आमची मोजून नऊ घरं, एक कौलारू खोली, तेच चर्च. याकोबतात्या गाणं उचलायचा. म्हणजे पाळकसाहेबांनी पुस्तकातला नंबर सांगायचा, तात्यानं पहिली ओळ धरायची, आमी मागनं. तात्याला अक्षर येत नव्हतं, पण नंबर ऐकला की गाणं तोंडात हजर!

हे कसं, मला लई कोडं. एकदा इचारलंच.

"तुज्या म्हशी तुला वळखू येत्यात?" तात्या म्हनला.

"येत्यात की."

"मग, लिहून ठिवल्यात व्हय?"

०

पुण्याहून नवे पाळकसाहेब आले. कडक इस्त्री, कडक बोलणं. पहिल्याच रविवारी तात्यापाशी थांबले. "तात्या, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

"गाणं सुलटं येतंय न्हवं? मग झालं!"

०

साहेबांनी पेटी आणली, वाजवायला पेटीवाला आणला आणि इंग्रजी चाल शिकवायला घेतली. तात्याची चाल झांजांवरची, उड्या मारणारी. ही लांबच लांब, एकेक शब्द ताणायचा. दोन कडवी झाली आन् तात्या उठला.

"साहेब, ह्या चालीनं तिसऱ्या कडव्यापातूर भाताला लोंब्या येतील!"

पेटीवाल्यालाच हसू आवरेना.

०

मग नवी पुस्तकं आली. गाणी तीच, नंबर सगळे बदललेले. कोणाच्या डोक्यातली ही अक्कल, देव जाणे!

आमच्या नऊ घरातल्या मार्थाच्या लग्नात साहेब म्हणाले, "गीत सत्तावीस."

नव्या पुस्तकात ते लग्नाचं. तात्याच्या डोक्यातलं सत्तावीस मातीला म्हणायचं! त्यानं उचललं, आमीबी सवयीनं मागनं गेलो. चारी कडवी म्हनली. नवऱ्या मुलाची आई रडायला लागली. मार्थाचा बाप वरडला, "आरं, पुरताय कुणाला?"

साहेब लालभडक. तात्या शांत. "तुमी सत्तावीस म्हनला, मी सत्तावीस म्हनलं."

"आजपासून गाणं तुम्ही उचलायचं नाही!"

चाळीस वर्षं त्याच कामावर तात्याची मान ताठ होती. पुढच्या रविवारपासून तो दाराशी बसू लागला, तोंड मिटून.

०

तात्या गप, तर गाणंच उठेना. साहेब नंबर सांगायचे, कोण पान शोधतंय, कोण खोकतंय. साहेब एकटेच गायचे. चौथ्या रविवारी त्यांनी दाराकडं पाहिलं. "तात्या, तुम्हीच धरा. गीत चौदा."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

"कंच्या पुस्तकातलं?" तात्या म्हनला. साहेब काही 'जुन्या' म्हणेनात, तात्या काही उचलेना. दोघंबी सारखेच हट्टी!

०

त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर तात्या गेला. धरणाच्या वरल्या अंगाला माती दिली. तात्या नाही, तर आता गाणं कोण उचलणार, म्हणून आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघत हुबे.

साहेब म्हणाले, "गीत सत्तावीस."

नव्या पुस्तकात तर ते लग्नाचं! मार्थाचा बाप पुढं झाला, साहेबांना थांबवायला. तोवर साहेबांनी पहिली ओळ धरलीबी. मातीचं गाणं, तात्याच्या चालीत.

नवं पुस्तक त्यांच्या हातात होतं. उलटं.