गाडीवर रंगवलेली गिटार

तेल्हाऱ्याला बहिणीच्या लग्नात मी तो सूर पहिल्यांदा ऐकला. वरातीला अकोल्याची धुमाल पार्टी सांगितली होती. धुमाल म्हणजे मालवाहू गाडीवर छातीएवढे स्पीकरचे बॉक्स रचलेले, पुढे गळ्यात ढोल-ताशे अडकवलेली पोरं, आणि कानठळ्या बसतील एवढा आवाज. आमच्याकडे त्याशिवाय नवरदेव जागचा हलत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना ज्वाळांतून निघालेली लालभडक गिटार रंगवली होती. वर लावलेला झेंडू आमच्याच मळ्यातला. बाबा फुलं पिकवतात.

वरात देवळापाशी आली आणि बॉक्सांच्या मागून एक सूर निघाला. खालून वर ताणत गेला, आता तुटतो की काय असं वाटलं, आणि तसाच थरथरत राहिला. सगळे नाचत होते, मी खांबासारखा उभा. तोवर मला आयुष्यात काही हवंसं वाटलंच नव्हतं, मिळेल ते चालत होतं. त्या दिवशी वाटलं. वाजवणारा बॉक्सांच्या आड होता, दिसला नाही. पण गाडीवर एवढी मोठी गिटार काढलेली असल्यावर विचारायचं कुणाला आणि कशाला?

पुढे स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीला खोली केली आणि महिन्याभरात गिटार आणली. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "हे वाजवून कोनाचं पोट भरते? मले तं कोनी दिसलं नाई." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. फोन आईच घ्यायची.

गिटारच्या सरांना मी मोबाइलवर त्या पार्टीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. म्हटलं, मला हा सूर शिकवा, बाकी काही नको. सरांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, "हे गिटारच आहे ना, नक्की?" माझं डोकं सणकलं. ज्यांना काढता येत नाही ते असंच बोलणार, असं म्हणून मी त्यांचा क्लासच सोडला.

मग एकट्यानं झटापट सुरू झाली. तार वर ओढायची, ती तुटायची, नवी लावायची. बोटांची कातडी गेली, घट्टे पडले. सोबतची पोरं परीक्षा पास होऊन नोकरीला लागली, खोलीत नवी आली, तीही गेली. माझा निकाल दर वेळी तोच. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण मला त्या गाडीवर जायचं होतं. शेवटी तो सूर जवळपास तसाच निघाला. मी आईला फोन केला, "अकोल्याले चाललो. मले घेतीन ते." आणि निघालो.

पार्टीचा मालक गोडाऊनमध्ये खुर्ची टाकून बसला होता. माणूस चांगला, आधी चहा पाजला. मी विचारलं, तुमच्यात गिटार कोण वाजवतं?

"गिटार कोनी नाई वाजवत," तो म्हणाला. "बटन हाये तिचं."

त्यानं एका पोराला खूण केली. पोरानं कीबोर्डवरचं एक बटन दाबलं, उजव्या हातानं एक पट्टी धरली आणि डाव्या अंगठ्यानं कडेचं छोटं चाक पुढे सरकवलं. तोच सूर. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. त्याचं लक्ष बाजूला ठेवलेल्या चहाच्या कपाकडे लागलेलं, वाजवून झाल्यावर त्यानं तो उचलला.

"मंग गाडीवरची गिटार?"

"ते पेंटरनं काढली. लोकायले आवडते." मालकानं मला खालीवर न्याहाळलं. "तू उंच हायेस. गिटार घेऊन समोर उभा राह्यतं काय? वायर नाई लावाची. दिसाले भारी दिसन."

मी नाही म्हणालो. परतीच्या बसमध्ये गिटार मांडीवर घेऊन बसलो. काही सुचत नव्हतं. रडूसुद्धा येत नव्हतं.

आठवड्यानं फोन आला. आवाज बाबांचा होता. "तुह्या चुलतभावाच्या लग्नाले तुह्यीच पार्टी सांगतली," ते म्हणाले. "तुह्या मायनं सांगतलं मले, तुले घेतलं म्हनून. हार म्या सोता ओवीन."

मी मालकाला फोन करून सांगितलं, उभा राहतो.

वरात आमच्या दाराशी आली. बाबा हार घेऊन उंबऱ्यावर उभे. शेजाऱ्यांना सांगत होते, "थांबा, आता माह्या पोराची गिटार येते पाहा." माझ्या पाठीमागून सूर निघाला. मी नेमक्या जागी बोट ठेवलं, तार वर ओढली. सूर ताणत गेला आणि थरथरत राहिला. बाबांचे डोळे भरून आले. ते गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी माझा डावा हात तारेवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटांवरचे घट्टे चाचपले.

सूर थांबला नाही.

बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग वर, बॉक्सांकडे. हात सोडला, हार माझ्या गळ्यात घातला आणि कानाशी आले.

"वाजव," ते म्हणाले. "लोक पाहून राह्यले."