लताबाईचे हात

निफाडच्या अलीकडे, गोदाकाठच्या आमच्या गावात द्राक्षाचे मणी विरळायला लताबाईसारखा हात दुसरा नव्हता. घडात कात्री घालायची तर बोटं शांत लागतात. तिची बोटं झोपलेल्या लेकराच्या केसांतून फिरावीत तशी घडावरून फिरायची. बागायतदार तिच्यासाठी जीप थेट दारात पाठवायचे. सगळं घर त्या हातांवर चालायचं.

तिचा नवरा धोंडीराम. दिवसा त्याच्याइतका गोड माणूस नाही. वाटेत म्हातारं माणूस दिसलं की त्याच्या डोक्यावरचं ओझं हा घेणार. संध्याकाळी देशीची बाटली उघडली की मात्र बायकोला मारायचा. चुलीपुढच्या लाकडानं, पट्ट्यानं, मिळेल त्यानं. सकाळी तिचे पाय धरायचा. "मी नव्हतो गं लता. दारू होती ती."

सासू फुलाबाई हळद तापवून तिच्या पाठीला लावायची नि म्हणायची, "पोरगं माझं सोन्याचं हाय. दारू सुटू दे, बघ कसा नांदवतो." गावही तेच म्हणायचं. प्यालेल्या माणसाचं आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. लताबाई त्या एका आशेवर जगत होती. दारू जाईल, आणि सकाळचा माणूस दिवसभर उरेल.

आणि दारूची चव तर धोंडीरामला कधी आवडलीच नाही. एरंडेल घ्यावं तसा नाक दाबून एका दमात घशाखाली ओतायचा, वर मिठाचा खडा चघळायचा.

एकदा बागेत बाया जेवायला बसल्या असताना लताबाईच्या मानेखालचा वळ पदराबाहेर आला. टोळीची मुकादम शकुबाई, जिभेची तिखट.

"काल परत का गं?"

"लय प्याले व्हते."

"हात दाव बरं." शकुबाईनं तिचे पंजे उलटसुलट करून पाहिले. "ओरखडा नाय! पाठीची चाळण, अन् हात नव्या नवरीचे. शुद्ध नसती म्हणे! तुझा दारुड्या लय हिशोबी हाय बाई."

बाया हसल्या. लताबाईही हसली, पण भाकरी तिनं पुन्हा फडक्यात बांधली. तिला एकेक आठवू लागलं. घरातला टीव्ही कधी फुटला नव्हता. शेजारचा गोरक्ष पैलवान ओसरीवर आला, की उगारलेलं लाकूड गुपचूप चुलीत जायचं.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याआधी घरी आली. चाऱ्यात लपवलेली अर्धी बाटली तिनं मोरीत ओतली. वासापुरती बोटभर ठेवली. बाकी ओवा नि मिरी उकळलेलं पाणी गाळून भरलं. घसा जळायला तेवढं पुरे. आज त्यानं हात उगारला नाही, तर दोष दारूचा, आणि आशा खरी.

धोंडीराम आला. नाक दाबून प्याला. मीठ चघळलं. थोड्या वेळानं त्याचे डोळे अर्धे मिटले, जीभ जड झाली. भिंत धरत, झोके खात तो तिच्यापुढं उभा राहिला.

"जीपवाल्याशी... लय हसत व्हतीस म्हणं."

लाकूड उचललं गेलं. पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा येताना लताबाई वळली आणि तिनं दोन्ही हात पुढं धरले.

लाकूड वरच थांबलं.

"हात खाली घे." शब्द स्वच्छ होते. जीभ कुठंच अडखळली नाही.

"का?"

"उद्या बाग हाय."

"बाटलीत ओव्याचं पाणी व्हतं," लताबाई म्हणाली.

त्यानं बाटली हुंगली. दारात उभ्या आईकडं पाहिलं. त्याचं झोके खाणं थांबलं. मग पाय नीट रोवून, लताबाईला खांद्याला धरून वळवून, त्यानं पुढचा फटका मारला. पाठीवरच.

तो बाहेर गेल्यावर लताबाई म्हणाली, "आत्याबाई, बघितलं ना?"

फुलाबाईनं त्या दिवशी हळद तापवली नाही. "कुणाला बोलू नको. दारू व्हती, असंच सांग. दारूला शिव्या देता येतात मला. त्याला कशा देऊ?"

सकाळी धोंडीरामनं पाय धरले नाहीत. धरायला दारूचं निमित्तच उरलं नव्हतं.

जीपमध्ये शकुबाईनं विचारलं, "काल परत प्याला व्हता?"

"नाय. ओव्याचं पाणी प्याला व्हता."

सगळी जीप डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. संध्याकाळी परतताना निफाडच्या स्टँडजवळ लताबाईनं जीप थांबवली, नुसती कात्री घेऊन उतरली आणि सिन्नरच्या बसमध्ये बसली. ती पुन्हा आली नाही.

गाव आता म्हणतं, बायको टाकून गेली म्हणून पितो बिचारा. फुलाबाई पुन्हा हळद तापवते, स्वतःच्या पाठीसाठी. हात पोचत नाही, म्हणून शकुबाईला बोलावते. "दारू व्हती गं," आपणहून सांगते.

शकुबाई तिचे पंजे उलटसुलट करून पाहते. म्हातारी कामाला जात नाही. तिच्या हातांवरही वळ आहेत.